कागद सांभाळणारे गाव : साल्झबर्गच्या ‘मोझार्टेउम’ची वाटचाल

साल्झबर्गच्या मोझार्ट चौकात मधोमध मोझार्टचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. अंगावर सैलसर लपेटलेले वस्त्र, हातात लेखणी आणि कागद. लोक येतात, फोटो काढतात आणि चॉकलेटच्या दुकानांकडे वळतात. मी मात्र पुतळ्याकडे पाठ करून चौकातल्या आठ नंबरच्या घराकडे पाहत उभी राहिले. मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे ६ मार्च १८४२ रोजी या घरात वारली. तेव्हा तिचे वय ८० वर्षांचे होते. पुतळा खरे तर आदल्याच वर्षी, मोझार्टला जाऊन ५० वर्षे झाली त्या निमित्ताने उभा राहायचा होता. पण पाया खणताना जमिनीखाली रोमन काळातली रंगीत खड्यांची फरशी लागली, काम थांबले, आणि अनावरण गेले सप्टेंबर १८४२वर. खिडकीतून जो चौक तिला रोज दिसत होता, त्या चौकातला नवऱ्याचा पुतळा तिला सहा महिन्यांनी चुकला.

ही चुकामूक माझ्या मनाला फार लागली. कारण या गावात मोझार्टचे म्हणून आज जे दाखवले जाते, त्यातले पुष्कळसे या बाईने आणि तिच्या दोन मुलांनी राखले म्हणून उरले आहे. पुतळ्याला वर्गणी जमली, बव्हेरियाचा राजा लुडविग याने मोठा हातभार लावला, श्वान्थालर या नामवंत शिल्पकाराने तो घडवला. पुतळ्यापुरते एवढे बस्स होते. पण राहते घर, पत्रे, वाद्ये, अर्धवट राहिलेल्या रचनांचे सुटे कागद हे सगळे दोनशे वर्षे टिकवायचे तर संस्था लागते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी चालवावी लागते. साल्झबर्गात ती १८४१ साली सुरू झाली. मोझार्टची स्थळे पाहायची म्हणून मी गेले होते. तीन दिवस पायी हिंडून मी पाहिले ते मुख्यतः या संस्थेने केलेले काम.

मोझार्टच्या काळात साल्झबर्ग ऑस्ट्रियात नव्हते. ते स्वतंत्र संस्थान होते आणि संस्थानिक होता तिथला आर्चबिशप. धर्मपीठ आणि राजगादी दोन्ही एकाच माणसाच्या हाती. कॅथीड्रलला लागून त्याचा वाडा, वर डोंगरावर किल्ला, आणि पदरी वादक-गायकांचा ताफा. मोझार्टचे वडील लिओपोल्ड या दरबारात व्हायोलिनवादक होते. पुढे ते दरबारच्या संगीताचे उपप्रमुख झाले. गावाचा हा नकाशा डोक्यात असला की पुढचे सगळे कळते. पंधरा-वीस मिनिटांत पायी ओलांडता येईल एवढ्या पेठेत राजवाडा, देऊळ, बाजार आणि भाड्याची घरे. नोकरी, भक्ती, उधारी आणि भांडण सगळे त्याच चार गल्ल्यांत.

त्यातली सर्वांत गर्दीची गल्ली म्हणजे गेट्रायडेगासे. आजच्या जर्मनमध्ये या नावाचा अर्थ धान्यगल्ली असा होतो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना उंच घरे, दुकानांवर लोखंडी नक्षीच्या लोंबत्या पाट्या. नऊ नंबरचे पिवळे घर लांबूनच दिसते. ते मोझार्ट कुटुंबाचे नव्हते. मालक होते हागेनाउअर, किराणा आणि मसाल्याचे व्यापारी. तिसऱ्या मजल्यावर लिओपोल्ड आणि आना मारिया १७४७ साली भाडेकरू म्हणून आले आणि २६ वर्षे राहिले. सात मुले झाली, जगली दोनच : १७५१ साली जन्मलेली मारिया आना, जिला घरात नानर्ल म्हणत, आणि २७ जानेवारी १७५६ला जन्मलेला वोल्फगांग.

आत काय पाहायचे हे सांगणाऱ्या पुस्तिका खूप आहेत. लहानपणचे छोटे व्हायोलिन सगळे पाहतात, तसे मीही पाहिले. माझा पाय अडला तो हागेनाउअरांच्या नावाशी. जून १७६३मध्ये लिओपोल्ड दोन्ही मुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि नोव्हेंबर १७६६मध्ये परतले. साडेतीन वर्षे! म्युनिक, पॅरिस, लंडन, हॉलंड. परगावी पैसे मिळायचे ते हागेनाउअरांच्या पतीवर, व्यापाऱ्यांच्या ओळखीने. आणि या सगळ्या प्रवासाचा वृत्तांत लिओपोल्ड लिहून पाठवत राहिले तो घरमालकाला : कोणत्या दरबारात वाजवले, काय बिदागी मिळाली, मुलांना कोणते आजार झाले, कुठे काय महाग आहे. ही पत्रे जपून ठेवा, असे त्यांनी बजावलेले होते. पोराचे चरित्र आपण कधीतरी लिहू, हा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता. पुढे संस्थेने ज्या दप्तरावर आपला डोलारा उभा केला, त्याची पहिली गाठ या किराणा दुकानात बांधली गेली, असे मी मानते. हागेनाउअरांचा एक मुलगा सेंट पीटरच्या मठात संन्यासी झाला. त्याच्या पहिल्या पूजाविधीसाठी १७६९ साली तेरा वर्षांच्या वोल्फगांगने ‘डोमिनिकुस मास’ लिहिला. भाडेकरूच्या मुलाने मालकाच्या मुलाला दिलेली ही भेट.

कॅथीड्रल तिथून चार पावलांवर. जन्माच्या दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, मोझार्टचा बाप्तिस्मा इथे झाला. ते पाण्याचे पात्र अजून दाराजवळ आहे. पात्र १३२१ सालचे आणि त्याला पाठीवर धरणारे सिंह त्याहूनही जुने. दारांवर तीन साले लिहिलेली आहेत : ७७४, १६२८ आणि १९५९. पहिली दोन बांधकामाच्या पूर्ततेची. तिसऱ्याचे कारण पुढे येईलच. १७७९मध्ये मोझार्ट इथे दरबारचा ऑर्गनवादक म्हणून ४५० गुल्डन वार्षिक पगारावर रुजू झाला. आर्चबिशप कोलोरेडो शिस्तीचा, काटकसरी. पूजेतले संगीत आटोपशीर हवे, वादकाने हुकमाप्रमाणे हजर राहावे, नोकरांच्या पंगतीला जेवावे. १७८१च्या उन्हाळ्यात व्हिएन्नामध्ये भांडण विकोपाला गेले आणि दरबारी अधिकारी काउंट आर्को याने मोझार्टला लाथ मारून बाहेर काढले. हे त्याने स्वतःच वडिलांना पत्रातून कळवले आहे. त्यानंतर तो गावी आला तो एकदाच, १७८३मध्ये, नवपरिणीत कॉन्स्टान्झेला घेऊन. सासऱ्यांना ही सून पसंत नव्हती. २६ ऑक्टोबरला सेंट पीटरच्या चर्चमध्ये त्याचा सी मायनरमधला अपुरा ‘मास’ झाला आणि त्यातला एक सोप्रानो भाग कॉन्स्टान्झेने गायला. दुसऱ्या दिवशी दोघांनी गाव सोडले. मोझार्ट पुन्हा साल्झबर्गात आला नाही. ५ डिसेंबर १७९१ला तो व्हिएन्नात गेला. तिथल्या सेंट मार्क्स दफनभूमीत त्याची कबर नेमकी कोणती, हे निश्चित सांगता येत नाही.

म्हणजे या गावाकडे त्याची समाधी नाही. आयुष्याची शेवटची दहा, त्यातही सर्वांत भरघोस वर्षे दुसऱ्या शहराची. गावाकडे होते ते जन्मघर, एक अपमान आणि एक बहीण.

या बहिणीबद्दल मला थोडे थांबून लिहायचे आहे. नानर्ल लहानपणी भावाच्या बरोबरीने दौऱ्यांत वाजवायची. काही जाहिरातींत तिचे नाव आधी असे. मोठी झाल्यावर तिला दौऱ्यांतून वगळले. ती लग्न होऊन सांक्ट गिल्गेनला गेली, विधवा होऊन १८०१मध्ये साल्झबर्गला परतली आणि पियानोच्या शिकवण्या करून राहिली. शेवटी तिची दृष्टी गेली. घरची पत्रे तिच्यापाशी होती. तिची भावजय कॉन्स्टान्झे आपल्या दुसऱ्या नवऱ्यासह, डेन्मार्कचे निवृत्त राजनैतिक अधिकारी निस्सेन यांच्यासह, १८२४मध्ये या गावी राहायला आली. दोघींमध्ये फार माया होती असे कोणी म्हणत नाही. पण निस्सेन मोझार्टचे चरित्र लिहायला बसले तेव्हा नानर्लने शेकडो पत्रांचा तो साठा त्यांच्या हाती दिला. निस्सेन १८२६मध्ये वारले. कॉन्स्टान्झेने ते पुस्तक पुरे करून घेऊन १८२८मध्ये छापून आणले. १८२९च्या उन्हाळ्यात लंडनचे प्रकाशक व्हिन्सेंट नोव्हेलो आणि त्यांची पत्नी मेरी, नानर्ल आजारी आणि तंगीत आहे असे ऐकून, इंग्लंडमध्ये जमवलेले पैसे घेऊन तिला भेटायला आले. मोझार्टसाठी या गावी आलेल्या पहिल्यावहिल्या वारकऱ्यांत मी त्यांना धरते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नानर्ल गेली. गावात भावाच्या नावाचा चौक आहे, पूल आहे, चॉकलेट आहे. बहिणीच्या वाट्याला त्या मानाने काहीच नाही, आणि ते मला अन्यायाचे वाटते. दप्तर तिने राखले नसते, तर चरित्रही नव्हते आणि संग्रहालयही.

हे लिहिताना मला आमच्या गाण्याच्या बाई आठवतात. त्यांनी चाळीस वर्षे बंदिशी, गुरूंच्या सूचना, ऐकलेल्या मैफलींची टिपणे वह्यांत लिहून ठेवली होती. त्या गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी घरी गेले, तेव्हा खोली रिकामी करताना ‘जुना कागद’ रद्दीत गेला होता. घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. कुठे द्यायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते सांगायला मीही वेळेवर गेले नाही.

कॉन्स्टान्झेला लोक आजही नावे ठेवतात. तिने कागद विकले, असा तो आरोप. विकले हे खरे आहे. नवरा गेला तेव्हा पदरी दोन मुले आणि डोक्यावर कर्ज होते. १७९९-१८००च्या सुमारास तिने हस्तलिखितांचा मोठा भाग ओफेनबाखचे प्रकाशक आंद्रे यांना ३,१५० गुल्डनला दिला. पण एकगठ्ठा दिला, दारोदार एकेक पान विकले नाही, आणि देण्याआधी निस्सेनच्या मदतीने तो लावून घेतला. अपुऱ्या रचनांचे कागद, पत्रे, चित्रे तिने बऱ्याच अंशी मागे ठेवली. आपल्याकडे किती घरांत एवढे झाले असते, हा प्रश्न मला पडतो.

आता संस्था. १८०३मध्ये आर्चबिशपचे राज्य खालसा झाले. पुढच्या तेरा वर्षांत गाव या राजाकडून त्या राजाकडे जात राहिले आणि १८१६मध्ये कायमचे ऑस्ट्रियात आले. दरबार गेला तसा दरबारी वादकांचा ताफाही विस्कटला. कॅथीड्रलमध्ये वाजवायला धड माणसे मिळेनात आणि नवी तयार करायला शाळा नव्हती. गावकऱ्यांना संस्था हवी होती ती या रोजच्या गरजेपोटी. म्हणून १८४१मध्ये स्थापन झालेल्या मंडळाचे नाव होते ‘डोममुझिकफेराइन उंड मोझार्टेउम’, म्हणजे कॅथीड्रल संगीत मंडळ आणि मोझार्टेउम. चर्चमधल्या संगीताची व्यवस्था, मुलांना वाद्ये शिकवणे, मैफली करणे आणि मोझार्टच्या आठवणी जमवणे, असा चौपदरी व्याप. कॉन्स्टान्झेने त्याला पाठबळ दिले. मला ही सुरुवात फार आवडते. ज्या संस्थेची मुळे रोज वाजणाऱ्या संगीतात असतात, तिचे संग्रहालय निर्जीव होत नाही.

पुतळ्याच्या अनावरणाला मोझार्टची दोन्ही मुले आली होती. थोरला कार्ल मिलानमध्ये सरकारी नोकरीत. धाकटा फ्रान्झ झावर हा वडील वारले तेव्हा चार-पाच महिन्यांचा. तो पियानोवादक आणि संगीतकार झाला, आणि त्याची बरीच वर्षे लेम्बर्गमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्व्हिव्हमध्ये गेली. सोहळ्यात त्याने वडिलांचा डी मायनर कॉन्चेर्टो वाजवला. जन्मभर ‘मोझार्टचा मुलगा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने त्या दिवशी काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी. दोनच वर्षांनी, १८४४मध्ये, तो गेला. त्याच्याजवळची कागदपत्रे आणि पुस्तके मोझार्टेउमला मिळाली. कार्लने १८५६मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीला, त्यांचा पियानो संस्थेला दिला आणि १८५८मध्ये तोही गेला. दोघांनाही मूलबाळ नव्हते. मोझार्टचा वंश तिथे संपला. वारस म्हणून उरली ती संस्था.

यानंतरची तीस वर्षे पैसे जमवण्याची, आणि त्यांचा तपशील कुठल्याही संस्थेसारखाच आहे. १८७०मध्ये ‘आंतरराष्ट्रीय मोझार्ट निधी’ सुरू झाला. १८७७मध्ये पहिला संगीत महोत्सव झाला आणि त्यासाठी व्हिएन्ना फिल्हार्मोनिक हा नामांकित वाद्यवृंद प्रथमच व्हिएन्नाबाहेर येऊन वाजला. आज जगभर गाजणारा साल्झबर्ग महोत्सव १९२० सालचा, पण त्याचे बीज या उत्सवांत आहे. १८८०मध्ये कॅथीड्रलचे मंडळ आणि मोझार्टचे काम वेगळे झाले आणि ‘आंतरराष्ट्रीय मोझार्टेउम प्रतिष्ठान’ उभे राहिले. त्याच वर्षी १५ जूनला जन्मघरात संग्रहालय उघडले. लक्षात घ्या, घर तेव्हाही संस्थेचे नव्हते. ते विकत घेता आले १९१७मध्ये, महायुद्ध चालू असताना. त्यामागे लिली लेमान या त्या काळच्या थोर गायिकेचे श्रम होते. रंगमंचावर कमावलेले नाव तिने या संस्थेच्या झोळीत टाकले : उत्सव भरवले, पैसे उभे केले, उन्हाळी वर्ग घेऊन मुलांना गाणे शिकवले.

नदी ओलांडून श्वार्झस्ट्रासेवर गेले की संस्थेची स्वतःची इमारत लागते. म्युनिकचे वास्तुविशारद रिखार्ड बेर्न्डल यांनी ती १९१० ते १९१४ या काळात बांधली. तयार झाली आणि युद्ध पेटले. थाटाचे उद्घाटन राहूनच गेले. मोठ्या सभागृहात सुमारे ८०० माणसे बसतात. मी तिथे एका सकाळच्या मैफलीला बसले होते. आवाज भिंतींवर आदळून परत येत नाही, तो आपल्या भोवती उभा राहतो. व्हायोलिनचा गज तारेला टेकण्याआधीची शांतताही ऐकू येते. संस्थेची शाळा पुढे सरकारने घेतली आणि १९९८मध्ये तिचे विद्यापीठ झाले. तिथे शिकलेल्यांत याच गावचा हर्बर्ट फॉन कारायान आहे. गावचा मोझार्टेउम ऑर्केस्ट्राही १८४१च्या त्याच मुळातून फुटलेला. प्रतिष्ठान, विद्यापीठ आणि वाद्यवृंद ही तीन घरे आता वेगळी आहेत. नाव एक असल्याने पाहुण्यांचा गोंधळ होतो तेवढाच.

इथे संस्थेच्या एका सचोटीबद्दल लिहायला हवे. १९०२पासून तिच्याकडे एक कवटी आहे. ती मोझार्टची आहे असे सांगत कोणीतरी ती जपली होती आणि फिरत फिरत ती इथे आली. काही दशके ती लोकांना दाखवलीही जात होती. मग ती प्रदर्शनातून काढण्यात आली. २००६मध्ये तिची डीएनए चाचणी झाली. नातेवाइकांचे म्हणून जे अवशेष तुलनेला घेतले, त्यांचेच एकमेकांशी नाते जुळेना, आणि निष्कर्ष निघाला नाही. संस्थेने तसे जाहीर होऊ दिले. कवटी मांडली असती तर रांगा लागल्या असत्या, पैसाही आला असता. ‘जादूची बासरी’ हा ऑपेरा ज्या लाकडी खोपटात लिहिला असे सांगतात, ते खोपटही १८७०च्या दशकात व्हिएन्नाहून इथे आणलेले आहे. त्याला मी ऐकीव गोष्टीइतकाच मान देते. पण कागदावर शाईने लिहिलेले पत्र आणि सांगोवांगीची कवटी यांतले अंतर या लोकांनी ओळखले, हे त्यांचे मोठेपण.

माकार्ट चौकातले दुसरे घर म्हणजे या वाटचालीतला सर्वांत कठीण चढ. १७७३मध्ये गेट्रायडेगासेची जागा अपुरी पडू लागली म्हणून मोझार्ट कुटुंब या आठ खोल्यांच्या प्रशस्त घरात आले. त्याला नाचशिक्षकाचे घर म्हणत, कारण त्यातल्या मोठ्या दालनात पूर्वी नृत्याचे धडे दिले जात. त्या दालनात मोझार्ट मंडळी वाजवत, पाहुणे जमवत, हवेच्या बंदुकीने रंगवलेल्या लाकडी चकत्यांवर नेम धरण्याचा खेळ खेळत. लिओपोल्ड १७८७मध्ये इथेच वारले. तोवर बायको गेलेली, मुलगा व्हिएन्नात, मुलगी सासरी.

१६ ऑक्टोबर १९४४ला साल्झबर्गवर पहिला मोठा बाँबहल्ला झाला. कॅथीड्रलचा घुमट कोसळला. दारावरचे १९५९ हे साल त्याच्या दुरुस्तीनंतरचे. आणि या घराचा दोन-तृतीयांश भाग उद्ध्वस्त झाला. जिथे भिंती पडल्या तिथे मालकाने कार्यालयांची नवी इमारत बांधली. उरलेला भाग, नाचाच्या दालनासह, संस्थेने १९५५मध्ये घेतला. पण मोझार्टच्या निम्म्याहून अधिक घराच्या जागी सरकारी कचेरीसारखी एक इमारत उभी राहिली, ती चाळीस वर्षे. १९८९मध्ये संस्थेने ती विकत घेतली. १९९४मध्ये पाडली. जुन्या नकाशांवरून घर पुन्हा बांधले आणि २६ जानेवारी १९९६ला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते उघडले. एका जपानी आयुर्विमा कंपनीने त्याला मोठे साहाय्य केले. नव्याने बांधलेले घर अस्सल मानायचे का, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की, भिंती नव्या आहेत हे संस्था लपवत नाही, आणि पन्नास वर्षे जागेवरचा हक्क मनातून न सोडणे हीच मला खरी गोष्ट वाटते.

आणि तो पियानो. आंटोन वाल्टर या कारागिराचा, १७८२च्या सुमाराचा. आजच्या पियानोपुढे अगदी हलका, पाच सप्तकांचा, पातळ लाकडाचा. १७८५मध्ये लिओपोल्ड मुलाकडे व्हिएन्नाला राहायला गेले होते, तेव्हा मैफलींसाठी हे वाद्य घरातून किमान बाराएक वेळा बाहेर नेऊन परत आणले, असे त्यांनी मुलीला कळवले. कॉन्स्टान्झेने ते कार्लकडे मिलानला पाठवले, कार्लने इथे. संस्थेने ते काचेत कोंडून टाकले नाही. निवडक मैफलींत ते अजून वाजते. अमेरिकन पियानोवादक रॉबर्ट लेव्हिन यांनी मोझार्टचे सगळे सोनाटा यावरच ध्वनिमुद्रित केले आहेत. आवाज लहान, खालच्या स्वरांत किंचित खरखरीत आणि प्रत्येक सूर लगेच विझणारा. तो ऐकला की मोझार्टने एवढे बारीक काम का केले असेल ते समजते. सूर टिकत नाही, म्हणून त्याला पुढचा सूर द्यावाच लागतो.

१९५६पासून, म्हणजे द्विशताब्दीपासून, दर जानेवारीत संस्था मोझार्ट सप्ताह भरवते. त्याच सुमारास, १९५५मध्ये, तिने समग्र मोझार्ट नव्याने संपादित करायला घेतला. प्रत्येक रचना मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहायची. पन्नासहून अधिक वर्षे आणि शंभरहून अधिक खंड लागले. डिसेंबर २००६मध्ये ही सगळी स्वरलिपी संस्थेने इंटरनेटवर सर्वांना फुकट खुली केली, तेव्हा लोकांनी अशी झुंबड उडवली की यंत्रणाच कोलमडली. कुठल्याही खेड्यातल्या मुलाला आज मोझार्टची प्रमाण प्रत एक पैसा न देता मिळते. मला विचाराल तर पुतळा, इमारत, महोत्सव या सगळ्यांच्या वरचे हे काम आहे.

कागद अजूनही बोलतात. २०१८मध्ये संस्थेने एक पान मिळवले. त्यावरची रचना मोझार्टच्या तारुण्यातली, डी मेजरमधली. २७ जानेवारी २०२१ला, महासाथीमुळे रिकाम्या राहिलेल्या त्याच मोठ्या सभागृहात, कोरियाचा तरुण पियानोवादक सोंग-जिन चो याने ती पहिल्यांदा जाहीरपणे वाजवली. चौऱ्याण्णव सेकंद. सप्टेंबर २०२४मध्ये मोझार्टच्या रचनांच्या कोखेल सूचीची नवी आवृत्ती संस्थेने प्रसिद्ध केली, आणि तीत लाइपझिगच्या ग्रंथालयात सापडलेली, किशोरवयातली एक तंतुवाद्यांची रचनाही आली.

शेवटच्या दुपारी मी लिंझरगासेवरून सेंट सेबास्टियनच्या दफनभूमीत गेले. भोवती कमानींचे ओवरे, मध्ये एका आर्चबिशपचे घुमटदार समाधिमंदिर. तिथे पाऊलवाटेच्या कडेला कॉन्स्टान्झे आहे, निस्सेन आहेत. जिवंतपणी तिला सून म्हणून न स्वीकारलेले लिओपोल्डही याच आवारात. मोझार्ट नाही. नानर्लही नाही, ती नदीपलीकडे सेंट पीटरच्या आवारात आहे. माझ्याखेरीज तिथे एक म्हातारे जोडपे होते, आणि तेही दुसरीच कबर शोधत होते.

साल्झबर्गला जाल तेव्हा सुरुवात गेट्रायडेगासेपासून करू नका. स्टेशनवरून पेठेकडे चालत येताना लिंझरगासे वाटेतच आहे. आधी या दफनभूमीत या, कॉन्स्टान्झेच्या कबरीवर चार फुले ठेवा आणि मग पूल ओलांडा. इथे तिकीट लागत नाही.